स्ट्रॉबेरीच्या वासाची धार

व्हय, व्हय, माझाच वास हाय तो! उगं शेजाऱ्याकडं बघू नका, त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? स्ट्रॉबेरी हाय. मिशीवाल्या माणसाच्या बगलंतून स्ट्रॉबेरी! हसा, हसा, समदं देवणी गाव हसून राहिलं, तुम्हीच कशाला मागं राहता… पण मी काय हौसेनं लावतो का हो? देविदास म्हणतात मला, गावात चार माणसं राम राम घालतात, आन् सकाळी डेअरीवर किटली घेऊन गेलं की तो शेषेराव रांगेतून वरडतो, "काय देविदासराव, कुणाच्या हळदीला निघाला?" रोज! त्याला दुसरं सुचतच न्हाई. तुम्हाला सांगतो, हे समदं सुरू झालं माझ्या पोरीपासून. राजकन्या तिचं नाव. आन् वय काय पोरीचं? अकरा!

आता आमची पोरगी गोठ्यातच वाढली म्हणा. कवडी आमची गाय, अस्सल देवणी जातीची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आन् नखरा तर इचारूच नका! मी धार काढायला बसलो की लाथ, बायको बसली की शेपटी तोंडावर, आन् राजकन्या नुसती जवळ गेली की पान्हा! पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकायची, कवडीच्या पोटाला डोकं टेकायची, हातानं धार, तोंडानं सतराचा पाढा… पाढा चुकला तरी गाय काय बोलायची न्हाई, म्हणून दोघींचं जमायचं. मग पळत येऊन धप्पदिशी माझ्या मांडीवर. तवा तिच्या केसाला एक वास यायचा… कसा सांगू तुम्हाला… खोबरेल तेल, सरकी पेंड, शेण, दूध, घामानं भिजलेली रिबीन, समदं एकात. मला लई आवडायचा हो तो वास. दिवसभर रानात मरमर केलेली तिथं उतरायची.

आन् एक दिवस पोरगी आली आन् दप्तर नीट खुंटीला अडकवलं. नीट! मला तिथंच शंका आली. गोठ्यात गेली न्हाई, मांडीवर आली न्हाई, सरळ न्हाणीत. बाहेर आली ती दारात बसली, लांब, पाव्हण्यावानी. आईनं लई इचारलं तवा म्हणली, "बाजूची पोरगी बाईंना म्हणली, मला दुसऱ्या बाकावर बसवा, हिचा वास येतोय." माझं डोकंच सणकलं! म्हणलं, कुणाची पोरगी हाय ती? वास येतो म्हंजी? लेकरू हाय का अत्तराची बाटली? चप्पल घालून निघालोच होतो शाळेत, तर बायको म्हणती, "अवो, गप बसा खाली. येतोय वास. मला कवाचा येऊन राहिला, तुम्हालाच कळंना." मी म्हणलं, अगं तो कवडीचा वास! "कवडीचा येगळा आन् हा येगळा. पोरगी मोठी होऊन राहिली." मोठी? कवा? मी तर रोज घरीच होतो की! आन् पोरगी खाली बघून म्हणती, "पप्पा, मला डिओ पाहिजे." वय काय? अकरा!

आता हे गावात सांगायचं असतंय का? न्हाई. मी सांगितलं. मग काय, ज्याला त्याला अक्कल! माझी माय, कावेरीबाई, बाजेवरूनच सुरू, "तुरटी फिरवा की! आमच्या वक्ताला काय होतं? तुरटीच होती." आन् तुरटी कुठली, तर माझ्या दाढीची! मेव्हणा रविकांत ऱ्हातो लातूरला, तो फोनवर, "दाजी, तुम्ही लई मागं हाय, इथं तिसरी-चौथीतली लेकरं फुसफुस मारून राहिली." आन् शेषेराव म्हणतो, असलं लावलं की घाम आतल्या आत मुरतो आन् किडनीवर जातो, त्याच्या मोबाईलवर आलं होतं. मोबाईलवर आलं म्हंजी संपलंच! मी रातभर किडनी किडनी करत पडलो. शेवटाला बायकोनं धरून उदगीरला नेलं, डॉक्टरीणबाईकडं.

बाई लई शांत. म्हणल्या, "वयाचं काही ठरलेलं नसतं हो. कुणाला नवव्या वर्षी लागतं, कुणाला तेराव्या. घामाला वास यायला लागला की समजायचं, मूल मोठं होतंय, एवढंच. आधी रोज आंघोळ. बगल साबणानं धुवायची, कोरडी पुसायची, कपडे रोज धुतलेले, सुती. तेवढ्यानं भागलं तर उत्तम. नाही भागलं तर कोरड्या अंगाला थोडंसं लावायचं. खाज आली, पुरळ उठलं की बंद. आणि आंघोळीच्या बदली लावायचं नाही हं!" हे शेवटचं त्या माझ्याकडं बघून कामून म्हणल्या, देव जाणे. मी म्हणलं, बाई, ते समदं बराबर हाय, पण मोठं होणं जरा लांबवायचं काय औषध असतंय का? बाई हसल्या. बायको हसली. मी हसायला इचारलं नव्हतं.

मग गुरुपादप्पाचं मेडिकल. त्यानं काउंटरवर बाटल्याची रांगच लावली, "अण्णा, हे बघा, हे चंदन, हे लिंबू, हे समुद्र." समुद्र! देवणीत समुद्र कुणी बघितला? पोरीनं गुलाबी बाटली उचलली, स्ट्रॉबेरी. घरी आल्यावर म्हणलं, थांब, फवारणीतलं मला कळतंय, आजवर तूर मीच फवारली. तोंडाला फडकं बांध, वाऱ्याकडं पाठ कर, झालं की हातपाय धू आन् लगेच भाकरी खाऊ नको. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. म्हणली, "पप्पा, मी अळी हाय का?"

आंघोळ करून, पुसून, फुस्स-फुस्स करून पोरगी खुशीत गोठ्यात गेली… आन् कवडीनं काय करावं? हुंगलं. परत हुंगलं. दोन पावलं मागं, कान ताठ, आन् धाडकन बादलीला लाथ! ह्या पोरीच्या अंगावर तिनं आजवर माशी बसू दिली न्हाई हो! राजकन्या भिताडाला टेकून रडली. मला वाईट वाटलं… आन् खरं सांगू? जरा बरंबी वाटलं. म्हणलं, चला, आता बाटली जाईल आन् माझं लेकरू परत येईल. कशाचं काय! पोरगी माझीच, हट्टी. ना बाटली सोडली ना गाय. तोच वास लावायची आन् कवडीम्होरं उभी ऱ्हायची, हातावर पेंड घेऊन, "मीच हाय गं, मीच हाय" करत. ती मान फिरवायची, ही त्या बाजूला जायची. असं करत करत गाय वळली की हो! त्या वासालाच लागली. पोरगी दारात फुस्स करायची आन् गोठ्यातून हंबरडा. जनावराला कळलं, पोरगी तीच हाय, वास बदललाय. मला ते कळायला टाईम लागला. पोरगी माझ्या मांडीवर काय परत बसली न्हाई. बाजूला बसायची, खांद्याला खांदा लावून. तेबी गोडच होतं म्हणा.

आन् मग आला जून. आमच्याकडं कसं हाय, लेकरू जरा हुशार निघालं की धाडा लातूरला! कुणी इचारत न्हाई कशाला, धाडायचं म्हंजी धाडायचं. रविकांतच्या घरी ठेवली, सातवीला. पेटी भरली, पुस्तकं भरली, नवी बाटली घेतली, जुनी अर्धी न्हाणीतच राहिली. एसटीच्या खिडकीतून हात हलवत गेली. वय काय पोरीचं? बारा! बारा हे काय घर सोडायचं वय हाय का? मला इचारलं असतं तर म्हणलो असतो, तिशीनंतर बघू. मला कुणी इचारलं न्हाई.

तिकडं पोरगी रमली, इकडं कवडीनं दूध बंद केलं. पाय बांधले, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण दिलं, वासरू लावलं… न्हाई म्हंजी न्हाई! शाळा सुटायच्या टायमाला रस्त्याकडं तोंड करून हंबरून राहिली. जनावराचे डॉक्टर म्हणले, गाईला काही झालं न्हाई. मी म्हणलं, मला बी काही झालं न्हाई, पण मलाबी जेवण जाईना, त्याचं काय?

आन् एक दिवस सकाळी न्हाणीत साबण शोधता शोधता हाताला ती बाटली लागली. उगंच दाबली. फुस्स… आन् तुम्हाला सांगतो, वाटलं, आली. मागंच उभी हाय, आता म्हणंल, "पप्पा, सरका, उशीर होऊन राहिला." मागं वळून बघितलं बी मी, येड्यावानी. कुणी न्हाई. तसाच बगलंत लावला, फडकं न्हाई, वारा न्हाई, काय न्हाई, आन् गेलो गोठ्यात. कवडीनं मान वर केली. हुंगलं. आन् हंबरली हो! बसलो खाली, पोटाला डोकं टेकलं, हात लावला तर चरचर धार. मला सतराचा पाढा काय येत न्हाई, म्हणून मी नुसताच रडलो. लई आठवण आली तिची.

तवापासून रोज हेच. आंघोळ, पुसणं, फुस्स, गोठा, डेअरी, शेषेराव! ती बाटली संपली तवा गेलो मेडिकलात. गुरुपादप्पा म्हणला, "अण्णा, पोरगी लातूरला ना? मग हे कुणाला?" म्हणलं, गाईला. त्यानं बाटली दिली, पण अजून माझ्याकडं तसाच बघतो. एकदा मी लावून बाहेर आलो तर बायको भाकरी टाकायची थांबली, डोळे मिटून, जराशी. मग म्हणली, "जावा, गाय वाट बघती."

दिवाळीला आली पोरगी. मी स्टँडवर तासभर आधीच उभा, डबल लावून! म्हणलं, उतरल्या-उतरल्या कळलं पाहिजे, आपलं घर आलं. उतरली. उंच झाली होती. पाया पडली, तसं मी जवळ घेतलं आन् दम लावून वास घेतला… कशाचाच न्हाई! ना तेल, ना पेंड, ना स्ट्रॉबेरी. कोरं! आन् तीच नाकाला हात लावून म्हणती, "ई पप्पा, हे काय लावलंय?" म्हणलं, तुझंच की! "ते? अहो, ते लहान पोरींचं असतंय! मी आता बिनवासाचं लावते." वय काय? तेरावं लागलं नुकतं. आन् ह्या घोड्याचं? पंचेचाळीस!

घरी येऊन पळत गोठ्यात गेली. कवडीनं तिला हुंगलं, नीट हुंगलं… आन् मान वळवून माझ्याकडं आली. माझ्याकडं! पोरीचं तोंड एवढुसं झालं. म्हणली, "पप्पा, ती मला ओळखंना." मी बाटली काढून दिली. म्हणलं, लाव थोडं, गाईपुरतं. लावलं तिनं. चार दिवस लावलं, गाईपुरतं. चार दिवस घरात तो वास फिरून राहिला, ह्या खोलीतून त्या खोलीत, आन् मी आपला गपचिप त्याच्या मागं मागं. मग लातूरची एसटी आली.

तवा आता हसून घ्या काय हसायचं ते, पण एक सांगा मला. लेकरानं डिओ कवा सुरू करावा, कसा लावावा, हे डॉक्टरीणबाईनं सांगितलं, मेडिकलवाल्यानं सांगितलं, मेव्हण्यानं सांगितलं, मायनं सांगितलं… पण बापानं कवा बंद करावा, हे एक माणूस सांगंना!