दोन दारं जास्त

...नाही, मला एक सांगा, गाडीला दोन दारं जास्त असली तर कुणाच्या बापाचं काय जातं? तुम्हाला सांगतो, इथे ओहायोत आमच्या गावात दर शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानासमोर जुन्या गाड्या प्रदर्शनाला लागतात, आणि माझी सत्तावन्न सालची हिरवी गाडी, वडिलांनी नवी कोरी घेतलेली, आम्हा पाच भावंडांना मागे कोंबून चर्चला नेणारी, ती मात्र कचऱ्याच्या डब्याशेजारी! का? तर म्हणे चार दारं. दोन दारांची ती देखणी, चार दारांची ती पोरंबाळं वाहणारी! लोक येतात, वाकून बघतात, मला वाटतं आता कौतुक करणार... आणि विचारतात, "समोरचा बंपर सुटा देणार का?" म्हणजे जिवंत माणसाला विचारायचं, तुमचे दात कुणासाठी ठेवलेत?

त्यातही कहर तो रॉस्को! आम्ही एका वर्गातले. त्याची गाडी त्याच सालची, लाल, दोन दारांची. समोरचा भाग दोन्हींचा सारखा, त्यामुळे माझा चकचकीत बंपर त्याला बरोब्बर बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक. अकरा वर्षं मागतोय. नाकातून बोलतो मेला, "डेल्बर्ट, तुझी गाडी म्हणजे सुट्या भागांचं दुकान रे." अरे, आज बंपर गेला की उद्या काच जाईल, परवा दिवे, मग वडिलांच्या गाडीचं राहिलं काय? म्हटलं, मी मेल्यावर ये. दोन दारं जास्त आहेत, हा काय गुन्हा झाला?

यंदा चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मानाच्या पाहुण्या कोण, तर आमच्या तिसरीच्या ऑगस्टाबाई. वय शहाण्णव. आणि त्यांना मिरवायचा मान अर्थातच रॉस्कोच्या गाडीला! आता दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची सीट वाकवा, अंग चोरा, आधी एक पाय, मग... मग काय, बाई अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, बँडवाले खोळंबलेत, आणि रॉस्को मागून ढकलू की नको या पेचात. मी आपली माझी गाडी पुढे घेतली, मागचं दार उघडलं. नुसतं उघडलं हो! बाई काठी टेकत आल्या आणि ऐसपैस बसल्या. रस्ताभर टाळ्या. म्हटलं, बघा लेको, दोन दारं जास्त!

मिरवणूक संपली. बाई उतरतायत तोवर रॉस्को हजर. बहात्तर वर्षांचा घोडा, पण तिसरीतल्यासारखाच रडका चेहरा करून म्हणतो, "बाई, हा मला बंपर देत नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डेल्बर्ट, चांगल्या मुलानं काय करावं?"

तुम्हाला सांगतो, मला नातवंडं आहेत, गुडघे बदललेत, आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "वाटून घ्यावं, बाई."

आता त्याच्या गाडीवर माझा बंपर चमकतोय, आणि माझ्या गाडीवर त्याचा गंजका. दारं मात्र चारही शाबूत आहेत हो... ती कोण मागतंय!