मोठं कुणी नाही

—वाजवा की, थांबलात का? हात दुखेपर्यंत वाजवा. थोरलीला मी शिकवून ठेवलंय, शेजारच्या मावशीनं ‘उघड’ म्हटल्याशिवाय कडी काढायची नाही — आणि ती मावशी म्हणजे मी, मी काही म्हणणार नाही. आत दोघंच आहेत, ती नऊ वर्षांची आणि धाकटा पाचाचा, गुपचूप बसलीत. जिन्यावर तुमचे बूट वाजले ते त्यांनी माझ्याआधी ऐकले. अख्ख्या बिल्डिंगमध्ये असले धड बूट आता कुणाच्या पायात उरलेत? बालकल्याणच्या बाई म्हणे! पोर आईपासून तोडायचं आणि त्याला कल्याण म्हणायचं.

आई? आई कामावर. कुठे म्हणजे काय, दारूच्या कारखान्यात — अहो, भुवया खाली घ्या, बंदुकीच्या दारूच्या! तोफगोळे भरते रात्रभर. हात, कान, केसांची मुळंसुद्धा पिवळी पडलीत तिची, पोरंटोरं पिवळीच म्हणतात तिला, आता आम्हीही म्हणतो, तीही ओ देते. नवरा आघाडीवर. रात्रपाळी काय तिनं हौसेनं मागून घेतली? तुमच्याच सरकारनं दिली. गोळे भर म्हणणारे तुम्ही, आणि पोरं एकटी का ठेवलीस म्हणून जाब विचारणारेही तुम्हीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं — बाईनं करायचं काय?

आणि एकटी कुठे? संध्याकाळी मी जेवायला वाढते. मग थोरली भांडी घासते, धाकट्याला गोष्ट सांगते, गोष्टीतल्या राक्षसाला रोज नवीन आजार काढते, काल त्याला गालगुंड झालं होतं. भिंत पातळ आहे ना, ऐकू येतं सगळं. मी काही कान लावत नाही — बरं, लावते. लावते! कान लावणारं कुणी असलं म्हणजे पोरं बिघडत नाहीत, हे तुमच्या ऑफिसात नाही शिकवत? बॉम्बनं पडलेल्या घरांत चोऱ्या करणाऱ्या त्या पोरांच्या टोळीचं म्हणाल, तर आमची पोरं त्यात नाहीत. त्यांचा म्होरक्या आला होता परवा, मिसरूड फुटलेलं कार्टं, दाराबाहेरून थोरलीला सांगत होता, तू बारीक आहेस, फुटक्या खिडकीतून सहज आत शिरशील. मी वरच्या पायरीवरून बादली ओतली. कसली ते विचारू नका. आता पोरं एकटीच आहेत हे त्या मेल्याला कसं कळलं, देव जाणे.

तुम्हाला कुणी सांगितलं, ते बोला आधी. तळमजल्यावरचा पेन्शनर ना? दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांची मापं काढतो. का समोरची शिंपीण? पिवळीला कामावर घेतलं आणि हिला घेतलं नाही, तेव्हापासून पोटात दुखतंय तिच्या. नाव सांगा, आत्ता खाली जाऊन पाणउतारा करते. — नाही? कुणी नाही सांगितलं? मग काय स्वप्न पडलं? — दार? दाराचं काय? बघतेय की दाराकडे.

हं.

ते खडूनं लिहिलंय ते होय. ते — ते मी लिहिलंय. मजल्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. रोज दिवेलागणीला प्रत्येक दारावर लिहायचं, आज रात्री आत किती माणसं झोपणार. बॉम्ब पडला तर ढिगारा उपसायला येणाऱ्यांना कळावं, किती जण शोधायचे ते. वरचा मजला सांभाळणारा मास्तर एकदाच लिहून मोकळा झालाय, कुणी मरो, कुणी जगो, आकडा तोच. मी तसं करत नाही. पिवळीची रात्रपाळी लागली त्या दिवशी तीनचा आकडा पुसला आणि लिहिलं, मुलं दोन, मोठं कुणी नाही. उपसणाऱ्यांनी तिला शोधत विटा काढत बसू नये म्हणून लिहिलं! हळू हाका मारा, आत बारकी आहेत, हे कळावं म्हणून लिहिलं. ठसठशीत लिहिलं, अंधारात दिसावं म्हणून. आता जिन्यानं कोण कोण जातं आणि काय काय वाचतं — त्या कार्ट्यानंही वाचलं असणार, नाही का. म्हणजे मीच पाटी लावली. या आणि न्या.

काय? मग मीच का झोपत नाही इथे? रात्री मोठं माणूस हवं एवढंच तुमचं म्हणणं असेल तर — वा, फार सोपं! मला माझी खोली आहे. माझ्या दारावर — अहो, तिकडे कुठे निघालात? ते नका वाचू. हो, दोन. दोनच लिहिते. मी आणि मुलगा. नाही, आत नाही तो. हो, ठाऊक आहे मला, खोटा आकडा लिहायचा नसतो, तुम्ही नका शिकवू! त्यालाही तुमच्याच माणसांनी नेलं. पडक्या घरातला नळ उपटला म्हणून. बारा वर्षांचं पोर, नळ उपटला! मी तेव्हा दिवसभर कापडाच्या गिरणीत, भिंतीला कान लावणारं कुणी नव्हतं. सुधारून पाठवतो म्हणाले. तिथूनच पळाला म्हणे, आता कुठे आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही. पळालेलं पोर दिवसाढवळ्या घरी येत नसतं बाई, रात्रीच येतं. म्हणून हल्ल्याचा भोंगा वाजला तरी मी तळघरात जात नाही. दार वाजलं आणि आत कुणीच नाही, असं व्हायला नको.

चला, सरका.

सरका म्हटलं ना, बाही घाण होईल तुमची. हे पुसलं. ‘मोठं कुणी नाही’ पुसलं. आता वाचा मोठ्यानं — मुलं दोन, मोठं एक. रोज रात्री येऊन बघा, अंथरूण चाचपून बघा हवं तर. माझी गोधडी, माझा खोकला, सगळं इथेच असेल. न्या आता, कसं नेता ते बघते. थोरले, उघड गं. मीच आहे. हो, झोपायला. थांब, आलेच, माझ्या दारावरचंही बदलू दे.

दोन पुसला. झालं समाधान? — बाण? बाण का काढला म्हणजे? आकडा नाही, बाणच काढलाय, या दाराकडे. उपसणाऱ्यांना नाही कळणार, मान्य. त्यांच्यासाठी नाहीच तो. — कुणासाठी ते तुम्हाला काय करायचंय? दिवे मालवायची वेळ झाली ना? उतरा खाली. आणि बूट हळू वाजवा, धाकटा घाबरतो.