खंडेनवमीनंतर न उठलेला सर्व्हर

“पूजा झाली आन् सर्व्हर उठंनाच, ही काय तऱ्हा म्हणायची, सतीशदादा?”

पाटसहून दौंडला निघालेल्या एसटीत ललितानं डोळे मिटले होते, कान मात्र मागच्या सीटकडं होते. तिथं साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यातली दोघं बसली होती.

“हळदकुंकू आत गेलं असंल, प्राची.”

“कुंकवानं व्हय? स्क्रीनवर चक्क येतंय की, सेटिंगमधी मेमरी जास्त मागितली, तेवढी मशिनीत न्हाईच.”

“सेटिंग तूच केलेली ना?”

“गेल्या दिवाळीत. तवापासनं लाइट जाऊन कितींदा बंद पडला, दर वेळी चालू झाला की!”

“मग आताच काय झालं?”

“तेच तर कळंना! आकडा कमी केला तवा आज चालू झाला. तरी साहेब म्हणतात, तूच वाट लावली, उद्यापासून येऊ नको.”

“रागात बोलले असतील.”

“दादा, आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. आता एकच हाय.”

“उंदरानं नेली असंल.”

“आन् जाताना झाकणाचे स्क्रू आवळून गेला?”

“पूजेला पुसायला सगळंच उघडलं होतं, बाई. कुणाचं लक्ष असतंय?”

“माझी नोकरी जातीय, दादा.”

ललितानं डोळे उघडले. मागं सतीशनं आवाज खाली आणला.

“साहेबांच्या पोराचा गेम अडकत होता घरी. त्यांनी सांगितलं, आन् पट्टी मी काढून दिली.”