तात्यांची प्लेट

...नाही नाही, तो प्लग नका काढू दादा, तो फ्रीझरचा – तुम्ही दुरुस्तीला आलात त्या उबेच्या पेटीचा, इन्क्युबेटरचा हा, पांढरा. आणि आतली ती प्लेट – थांबा, मीच काढते. राग नका मानू, हातमोज्याशिवाय माझाही हात चालत नाही. काय आहे त्यात? पेशी. माणसाच्या, नाकाच्या आतल्या अस्तराच्या. हो, जिवंत – म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होत्या. रात्री तुमच्या या पेटीचं डोकं तापलं, आता आहेत की गेल्या ते मी अजून बघितलेलं नाही. मायक्रोस्कोप तो काय, हाताशीच आहे. बघीन. घाई काय आहे.

उष्णतेनं काय होतं? पेशी शहाणी असते हो. ताप असो की जंतू, ताण आला की ती सगळी कामं बंद करते, जगण्यापुरतं तेवढं चालू ठेवते. आई म्हणते, मी तशीच झालेय. जेवते, कामावर येते, डोळ्यांत टिपूस नाही. असेल. इथे आम्ही पेशींना ‘खुश’ म्हणतो – तळाला घट्ट धरून बसल्या की खुश. मेल्या की सुटतात, तरंगायला लागतात. नाव द्यायचं नाही, नुसता नंबर, असा नियम आहे, पण तोंडात बसतं एखादं. परवा आईचा फोन आला, काय करतेस म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच तात्यांना खाऊ घातलं, एकदम खुश आहेत. आईनं फोन ठेवून दिला.

तात्या? वडील माझे. नाही हो, घरी कुठले, गेले ते – साधी सर्दी झाली, ती छातीत उतरली, संपलं. त्याच्या आधी कधीतरी आम्हाला निरोगी माणसांचे नमुने हवे होते, तर म्हणाले, माझ्या नाकातलं घे, एवीतेवी सगळीकडे खुपसत असतो, कुठेतरी उपयोगी पडू दे. त्यातली ही शेवटची प्लेट. आज ती तापवून तिच्यावर सर्दीचा तोच विषाणू सोडायचा होता – ताप असताना त्यांच्या पेशी वेळेवर धोक्याची घंटा वाजवतात की नाही, ते बघायला. तापवायचं काम तुमच्या पेटीनं परस्पर उरकलं. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, जगल्या असतील तर चालेल. दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम? मी म्हटलं, नको. खरं सांगू? रात्रीतच गेल्या असतील तर बरं, असं सकाळी जिन्यात वाटलं मला. तेवढंच वाटलं. बाकी काही नाही.

सरका जरा, बघते. एक मिनिट, बोलू नका.

...धरून आहेत. काठाच्या काही सुटल्यात, पण बाकीच्या – खुश नाहीत, पण धरून आहेत सगळ्या.

नको, पाणी नको. झाली ना पेटी? मग निघा दादा, दार घट्ट ओढून घ्या. तुम्ही आत असताना मला विषाणूची कुपी उघडता येत नाही.