आईचं इंग्रजी

— नाही हो, टेलिफोन बिघडलेला नाहीये. चांगला चालतोय, वाजतोय, ऐकू येतंय. काढूनच टाकायचाय. भिंतीवरची पेटी, बाहेर खांबापर्यंतची तार, सगळं. तुमच्या ऑफिसातल्या मुलीला मी अगदी हेच सांगितलं होतं, तिने तुम्हाला 'दुरुस्ती' म्हणून पाठवलं असेल तर ती तिची गंमत. — का म्हणजे? वाजतो म्हणून. एका तारेवर अकरा घरं, आणि प्रत्येकाची घंटा आमच्या स्वयंपाकघरात — आमची दोन लांब एक आखूड, बेंटनांची तीन आखूड, त्या टेकडीवरच्या डॉक्टरांची तर विचारूच नका — पाव भट्टीत असतो, हात पिठात असतात, आणि आपण मान वर करून घंटा मोजत उभे. डोकं उठतं. शिवाय त्या तारेवरून वीज घरात येते म्हणतात. हसू नका, येते. बसा तुम्ही आधी, जॉन्सन. बूट राहू देत, चिखल काय, आयोवात ऑक्टोबरात चिखल नसेल तर काय असेल. चहा ओतते. कॉफी नाही मिळायची आमच्याकडे, आधीच सांगून ठेवते. आधी खडीसाखर, तिच्यावर चहा, वरून साय — आणि ढवळायचं नाही बरं का, तसाच प्यायचा, खाली जाईल तसा गोड होतो.

नवऱ्याला? हार्मला विचारलंय — म्हणजे, विचारणार आहे. डुकरांचे भाव त्याला ह्याच्यावर कळतात ना, तो सुखासुखी हो म्हणायचा नाही. आज तो बाजाराला गेलाय म्हणूनच मी तुम्हाला आज या म्हटलं. आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. पेटी एकदा खाली उतरली की काय बोलेल तो? दोन दिवस घुम्यासारखा बसेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. माणसाला विसरायला वेळ लागत नाही. काही माणसांना.

बरं, खरंच सांगू का? लोक ऐकतात. तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचा धंदाच तो. घंटा कुणाची का असेना, सगळीकडे हळूच उचलतात आणि श्वास धरून उभे राहतात. आम्हीही उचलायचो, मी काही सोवळी नाही — हिवाळ्यात दुसरं करायचं काय इथे? आणि तुम्हीच सांगा, जितके जण उचलतात तितका आवाज बारीक होतो ना? होतोच. आई म्हणायची, आज अगदी मुंगीसारखा आवाज येतोय, म्हणजे सगळी मंडळी हजर दिसतात. आणि मग ती मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मावशीला सांगायची की अमक्याची म्हैस — आपलं हे — अमक्याची बायको चर्चमध्ये घोरते. आणि कुठेतरी टक्क करून कोणीतरी ठेवून द्यायचं. आमच्या जर्मन बोलीत सांगायची, अर्थात. तिला दुसरी येतेच कुठे?

तेव्हा चालायचं ते. मग मे महिन्यात गव्हर्नरांचा हुकूम आला. शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये इंग्रजी, आगगाडीत इंग्रजी, रस्त्यात इंग्रजी, आणि टेलिफोनवर इंग्रजी. लढाई तिकडे समुद्रापार, आणि बोलायची चोरी आमच्या स्वयंपाकघरात. आंबवलेल्या कोबीचंसुद्धा नाव बदललं ना दुकानात — स्वातंत्र्याचा कोबी म्हणायचं म्हणे. कोबीने काय केलं होतं बिचाऱ्याने? तेव्हा हसलो आम्ही. मग त्या तिकडच्या गावात चार बायकांना टेलिफोनवर आपसात आपल्या बोलीत बोलल्या म्हणून दंड झाला, आणि इथे फोल्कर्टच्या — माझ्या मावसभावाच्या — गोठ्याच्या दारावर एका सकाळी, गद्दारांच्या दाराला फासतात तसा, पिवळा रंग फासलेला निघाला. त्यानंतर कोणी हसलं नाही. अहो, आमच्या बापजाद्यांनी आयुष्यात कैसर पाहिला नाही. किनाऱ्यावरची दलदल उपसणारी माणसं आम्ही, भाकरी मिळेना म्हणून आलो इकडे.

आई आणि मावशी एकाच बोटीने आल्या. आई थोरली, गेशे, आणि धाकटी विब्के. इथे लग्नं झाली, एक नदीच्या अल्याड पडली, एक पल्याड. आणि ही पेटी भिंतीवर लागली त्या दिवसापासून रोज दुपारी, जेवणं आवरली की दोघींचा चहा — ही इथे खुर्ची ओढून, ती तिथे. बटाटे, गुडघे, कोण मेलं, कुणाला दिवस गेले. हुकूम आल्यावर मी आईला समजावलं, आई, आता नाही हं. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी वेळ झाली, खुर्ची ओढून बसलीच. मी धावले. तर ती काही बोलतच नव्हती. कानाला लावून नुसती चहा पीत होती. तिकडून मावशीही. खडीसाखरेवर चहा पडला की ती तडकते ना, तेवढंच ऐकायच्या एकमेकींचं. झालं की ठेवून द्यायच्या. सबंध उन्हाळा असा गेला. ह्याला काही हुकूम लागू नव्हता, मी सुद्धा काही म्हटलं नाही.

अजून एक कप? घ्या की. पहिला कप काय, जीभ ओली करायला. — हां. तर मग ही तापाची साथ आली. मावशी पडली. फोल्कर्टच्या घरावर पाटी लागली, आत कोणी जायचं नाही, बाहेर कोणी यायचं नाही. आई म्हणाली, मला घेऊन चल, मी खिडकीतून बघते. हार्मने गाडी जुंपली, नदीच्या पुलापर्यंत गेले, तिथून त्यांना परत पाठवलं. आणि मंगळवारी घंटा वाजली. दोन लांब, एक आखूड. फोल्कर्ट होता. इंग्रजीत म्हणाला — फोल्कर्ट माझ्याशी इंग्रजीत, आम्ही एका ताटात जेवलेले — म्हणाला, डॉक्टर बघून गेले, आता काही खरं नाही, तिची खाट मी टेलिफोनखाली ओढलीय, तिच्या कानाला लावतो, गेशेमावशीला म्हणावं बोल. तिला बोलता येत नाहीये, पण ऐकतेय. आणि आवाज इतका बारीक येत होता त्याचा, इतका बारीक — जॉन्सन, सगळ्यांनी उचललं होतं हो. त्या दिवशी सुद्धा.

मी आईला उभं केलं पेटीसमोर. तिने तोंड जवळ नेलं आणि म्हणाली, 'विब्के, माझी चिमणी —' आपल्या बोलीत. आणि मी हात ठेवला. आईच्या तोंडावर नाही हो, पेटीच्या. पेटीच्या तोंडावर असा तळहात दाबला आणि आईला म्हटलं, इंग्रजीत, आई, इंग्रजीत, सगळे ऐकतायत. तिने माझ्याकडे पाहिलं. भांडली नाही. भांडली असती तर मी काढला असता हात, खरंच काढला असता. ती विचार करायला लागली. आठवत होती. मी हात काढला तशी पुढे झाली आणि म्हणाली — तिचं इंग्रजी म्हणजे काय, शनिवारी गावातल्या दुकानात अंडी विकायला जाते ना, तेवढंच — म्हणाली, 'हॅलो. गुड मॉर्निंग.' थांबली. म्हणाली, 'एग्ज. फ्रेश एग्ज. व्हेरी गुड.' आणि मग तिचं संपलं. मग पुन्हा, अगदी हळू, बाळाशी बोलावं तसं — 'नो टुडे. कम टुमारो. प्लीज. कम टुमारो.' आणि शेवटी 'थँक यू.' डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि तोंडाने अंडी.

आणि कोणीतरी हसलं.

हो. हसलं. ती बेंटनबाई, दुसरं कोण? तिला सवयच आहे, लग्नात हसते, मर्तिकात हसते. तुम्हाला शोधून काढता येतं का हो तारेवरून, कोण हसलं ते? नाही? मला वाटलंच. म्हणूनच नकोय मला ही पेटी. असल्या लोकांच्या तारेला आपलं घर कशाला बांधून ठेवायचं? त्या हसण्याने आईने गर्रकन मागे वळून पाहिलं, आणि तिचा तो चेहरा — मी जन्मात — 

काय? — हो, मागे. मागे वळून.

नाही, कानाला तिच्या होतं, तारेवरचं हसू तिला पेटीतच ऐकू आलं असतं, बरोबर आहे तुमचं. मागे कशाला वळेल. मागे भिंत आहे, चूल आहे. मी होते.

मीच.

बेंटनबाईला उगाच कशाला. ती त्या दिवशी तारेवर होती की नाही देव जाणे. मोठ्याने नाही हो हसले, नाकातून फुस्स झालं नुसतं. घाबरले होते म्हणून असेल. हार्मला मी तसंच सांगितलं असतं, घाबरले होते. पण तसं नव्हतं. तुम्ही परके, उद्या दुसऱ्या कुणाच्या खांबावर चढाल, म्हणून सांगते — मला गंमत वाटली. 'व्हेरी गुड' म्हणाली ना ती, तेव्हा. एका क्षणापुरती ती मला माझी आई वाटलीच नाही, त्या तारेवरच्या लोकांना वाटली असेल तशी ऐकू आली. अंडी विकणारी एक खुळी म्हातारी. त्यांचे कान माझ्या डोक्याला कधी फुटले मला कळलंच नाही. माझं मला तोंड दाखवायची लाज वाटते. आरशात बघून वेणी घालायची सोडलीय मी, चाचपून घालते.

मावशी त्याच संध्याकाळी गेली. आई रडली, जेवली, झोपली, सगळं माणसासारखं. एक शब्द लावून बोलली नाही मला. नुसतं तेव्हापासून माझ्याशी आपल्या बोलीत बोलत नाही. घरातसुद्धा. घरात कुणाचा हुकूम? चहा दिला की 'थँक यू'. शाल पांघरली की 'थँक यू'. जेवतेस का — 'नो टुडे'. रागाने नाही हो, मऊ आवाजात. जसं मला तेच आवडतं, म्हणून माझ्यासाठी करतेय. शिवी दिली असती तरी चाललं असतं, आमच्या बोलीत शिव्या चांगल्या आहेत. काल मी तिच्या पायांशी बसले, म्हटलं, आई, काहीतरी बोल गं, माझ्या सात पिढ्या काढ. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'गुड.'

म्हणून नकोय मला ती पेटी. जाता-येता दिसते. काढा. घ्या ते पेचकस आणि काढा, हार्म यायच्या आत. चहा तेवढा संपवा. अजून ओतू? तिसरा तरी —

चमचा कपात उभा केलात.

नाही, असू दे, असू दे, पुरे म्हणजे पुरे. पण हे — अहो, 'पुरे' तोंडाने न म्हणता चमचा कपात ठेवून सांगायचं, हे आमच्या माणसांशिवाय कोणी करत नाही. बेंटनबाई दहा वर्षं येतेय, तिला माहीत नाही, ती बिचारी पोट फुटेस्तोवर पिते. आणि मी तुम्हाला ढवळू नका म्हणून शिकवतेय. जॉन्सन. जॉन्सन ना? की यान्सन? — राहू दे, नका सांगू. विचारलंच नाही मी. कामाची माणसं तुम्ही, कंपनीची टोपी डोक्यावर, नाव बदललंत ते बरंच केलंत. मी कोण नावं ठेवणार? पण आपली बोली तुम्हाला येते ना? घरी बोलत असाल की कधीतरी, आजीशी?

आई आतल्या खोलीत आहे. जागी आहे, लोकर उकलतेय. दार उघडंच आहे. एक काम कराल? पेटी काढायच्या आधी. आत जाऊन तिच्याशी — काही नाही, नुसतं हवापाण्याचं. चिखल किती आहे, तुमचं गाव कुठलं. सांत्वन नको. माझं तर नावच काढू नका. आपल्या बोलीत. दोन वाक्यं.

— हो, तिकडेच. डोकं वाकवा, चौकट खाली आहे.

...

बोलली. बोलतेय. अगं बाई, कसं घडाघडा — पूर आला, त्या वर्षीचा पूर सांगतेय — मोठ्याने बोलतेय हो फार, रस्त्यावर जाईल — थांबा, खिडकी, खिडकी लावते आधी —

बघा. बघितलंत? हात आपोआप गेला माझा. ती गप्प झाली. खिडकीचा आवाज ऐकला तिने.

नाही, तुम्ही उठू नका. बसा तिथेच, तिच्या पलंगावर बसलात तरी चालेल. उघडते मी खिडकी, ही बघा, उघडली. आणि मी बाहेर जाते. मी घरात असेपर्यंत ती तोंड उघडायची नाही आता. फाटकाशी उभी राहते. रस्त्याने कोणी आलं तर खोकेन. पेटीचं नंतर बघू. तुम्ही विचारा तिला, पुढे काय झालं पुराचं — मी बाहेर जातेय म्हणून सांगा.