त्रेचाळीस खाती, नंबर एक

– नको साहेब, फाइल उघडूच नका, मला पाठ आहे. त्रेचाळीस बायकांची खाती आणि सगळ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर. कुणाचा? माझाच की. त्यात चोरी कसली? तुमच्या बँकेनंच दिलं ना मला हे अंगठ्याचं यंत्र – म्हणाले, गावात शाखा काढणं परवडत नाही, तर बाई, तुम्ही शिवणाच्या दुकानातच बँक चालवा. चालवते. तो पडदा दिसतोय? माप घ्यायची जागा. यंत्र त्याच्यामागे. बायका मापाला म्हणून आत जातात, अंगठा टेकवतात, पैसे कनवटीला लावतात – आणि नवरा बाहेर बाकावर पेपर चाळत बसलेला, त्याला वाटतं, ही महिन्यातून तीनदा जाड होते की काय!

आता नंबरचं म्हणाल तर – सरकारनं शिबिर भरवलं, घरटी एक खातं उघडलं, फोटोबिटो काढले, टाळ्या झाल्या. पण फॉर्म कुणी भरला? नवऱ्यानं. नंबर कुणाचा घातला? त्याचाच. म्हणजे खातं बाईचं, अनुदान बाईचं आणि मेसेज वाजणार त्याच्या खिशात. मग कोण काढतंय पैसे? पासबुकं गेली पेटीच्या तळाला, अन् तुमच्या कागदावर शेरा – 'निष्क्रिय'. मी काय केलं? नंबर बदलले. त्यांना विचारून, त्यांच्याच अंगठ्यानं. तेव्हापासून बघा – एकीनं दोन शेळ्या घेतल्या, एकीनं पोरीला नर्सिंगला घातलं. तिच्या नवऱ्याला वाटतं, पैसे पोरीच्या मामानं दिले. मामा बिचारा फुकटात मोठा झाला.

काय? महिनाअखेर सगळे नंबर पुन्हा जुने करायचे? अहो, त्रेचाळीस घरांत एकाच दिवशी महाभारत होईल! फार तर माझं यंत्र काढून घ्या, पण त्यांचे नंबर राहू द्या. माझ्या पोटात एवढ्या जणींची गुपितं आहेत, एक बाहेर गेलं नाही आजवर. परवाच त्या आजी म्हणाल्या, 'मुलगा बँकेत साहेब आहे, म्हणून तर तुझ्याकडे येते –'

कोण आजी? कुणी नाही हो. बँकेतले साहेब काय, पायलीचे पन्नास. आणि तो चष्मा नका ना काढू असा, अगदी त्यांच्यासारखे दि –

बसा. पाणी देऊ? जळलं मेलं माझं तोंड. हो, त्याच. भाचीकडे जाते म्हणून तुमच्याकडून निघतात ना, त्या इथं येतात. त्यांचा फोन तुम्ही घेतलेला, पेन्शन तुमच्याच शाखेत, एकेक मेसेज तुम्हाला. वाईट नाही बोलत हो तुमच्याबद्दल – काळजीनंच करतो, म्हणतात. पण इथलं हे खातं त्यांचं एकटीचं आहे, आणि पैसे काढून निघतात तेव्हा चालही बदलते त्यांची. मला फार बरं वाटतं ते बघून.

काय म्हणालात? हळू बोललात, ऐकू नाही आलं.

'कशाला लागतात तिला पैसे', म्हणता?

हं. मी नाही विचारत, साहेब. उठा आता, मला काजं करायचीत.