सावनदुर्गावरचे ढग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या समाजाचे ज्येष्ठ संताजीअण्णा, व्यासपीठावर हार घालून अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती मालनअक्का, पहिल्या रांगेतले सगळे वडीलधारे, रविवारच्या पायवाटेवरचे माझे सोबती, आणि मागे कॉफीच्या वासाकडे लक्ष ठेवून असलेली मंडळी, आपणा सगळ्यांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करायची आहे. आज आपल्या हातात जी स्मरणिका पडली आहे, तिच्यात मालनअक्कांवरचा लेख माझा आहे. त्यात मी लिहिलं आहे, की अकरा वर्षांची असताना मी पहिल्यांदा सावनदुर्ग चढायला गेले, आणि अर्ध्या वाटेवर अचानक ढग भरून आल्यामुळे अक्कांनी सगळ्यांना खाली उतरवलं. ही माहिती चुकीची आहे. त्या दिवशी ढग नव्हते. कृपया आपापल्या प्रतीतलं ते वाक्य खोडावं. ज्यांच्याकडे पेन नाही त्यांनी मनात खोडावं.

हे मला कळलं परवा. स्मरणिका छापून घरी आली आणि मी कौतुकाने लेख आत्याला वाचून दाखवायला बसले. माझी आत्या, सकवारबाई, दुसऱ्या रांगेत हिरव्या साडीत बसली आहे. ती मध्येच म्हणाली, "ढग? कुठले ढग ग?"

"सावनदुर्गचे. आपण परत फिरलो नव्हतो का?"

"अग वेडे, आभाळ तव्यासारखं तापलं होतं. तुझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. मालनने वर बघितलं आणि म्हणाली, ढग येतायत, इळीरी, उतरा सगळे."

"आणि बाकीचे? कुणी काही म्हटलं नाही?"

"बाकीच्यांना काय डोळे नव्हते? संताजीने तर छत्री आणली नाही म्हणून हळहळसुद्धा केली!"

अण्णा, आपण हसताय. म्हणजे खरं आहे.

आपणच विचार करा. एवढी मंडळी, आणि एवढी वर्षं एक गोष्ट सगळ्यांच्या पोटात राहिली. आपल्या समाजाच्या इतिहासात असं यापूर्वी कधी घडलं असेल का?

त्या दिवसाची किंमत कळावी म्हणून माझ्याबद्दल दोन शब्द सांगते. दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. चामराजपेटेतल्या आमच्या स्वयंपाकघरात आत्याने बाराखडी शिकवली, आजोबांनी पाढे घेतले. बाहेर धूळ आहे, धूर आहे, थंडी आहे, असं ऐकतच मी मोठी झाले. बेंगळूरला लोक बागांचं शहर म्हणायचे, आणि मी ते खिडकीतून बघत होते. सावनदुर्गच्या उघड्या खडकावर मी पाय ठेवला तेव्हा एवढं मोठं काही मी आधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी जर कुणी म्हटलं असतं, की या पोरीमुळे सगळ्यांना माघारी जावं लागतंय, तर मी पुन्हा घराबाहेर पडले असते का? मला नाही वाटत. ढगांमुळे परतलो असं समजून मी हट्ट धरला, की पुढच्या वेळी ढग नसताना जाऊ. आणि गेले. तुरहळ्ळीचं रान, मकळीदुर्गची रेल्वेरुळाकाठची वाट, मंचनबेलेच्या खालचा अर्कावतीचा काठ, सगळं मला अक्कांनी दाखवलं. डोंगरांनी माझा दमा बरा केला, असं कुणी म्हणत असेल तर तीही दुरुस्ती करते. दमा आहे. पंप पर्समध्ये आहे. पण मी बाहेर आहे.

जे आपल्याबरोबर कधी आले नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या पायवाटेची एक रीत सांगते. इतर ठिकाणी म्होरक्या पुढे चालतो. आपल्याकडे जो सगळ्यांत हळू चालतो तो पुढे, त्याच्यामागे बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी मालनअक्का. या शेवटच्या जागेला आपण शेपटी म्हणतो. शेपटीने म्हटलं थांबा, की थांबायचं. शेपटीने म्हटलं फिरा, की वाद न घालता फिरायचं. आपला अभिमन्यू पहिल्यांदा आला तेव्हा वैतागून म्हणाला होता, "अक्का, असं चाललो तर संध्याकाळ होईल." अक्का म्हणाल्या, "होऊ दे की. डोंगर काय बसस्टँडवर उभा आहे, सुटायला?"

आता अक्का धारवाडला मुलीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. गेल्या बैठकीत अण्णांनी स्पष्ट सांगितलं, की संक्रांतीपर्यंत शेपटी धरायला कुणी पुढे आलं नाही, तर रविवारची पायवाट बंद. अण्णांचं चुकलं नाही. जबाबदारी कुणाची ते ठरल्याशिवाय म्हाताऱ्याकोताऱ्यांना खडकावर नेणं बरं नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "बघते" म्हटलं. आपल्याकडे "बघते" म्हणजे काय, हे मी या सभेला सांगायला नको.

का म्हटलं, तेही सांगते. नोव्हेंबरात अक्कांनी मला एक दिवस शेपटीला उभं केलं होतं. अर्कावतीचा काठ, सोपी वाट. मी पाठीवर एवढी औषधं घेतली होती, आणि प्रत्येक दगडाला "सांभाळून, सांभाळून" असं ओरडत होते, की अण्णा शेवटी म्हणाले, "भव्या, आपण फिरायला आलोय की ऑपरेशनला?" ते सोडा. नदीशी आलो. करंजांच्या सावलीत, म्हणजे आपल्या होंगेच्या झाडांखाली, पाणी घोट्याच्या वर होतं. पलीकडच्या आमराईत जेवण ठरलं होतं. आत्या सगळ्यांच्या पुढे होती. दगडावर तिचा पाय थरथरताना मी पाहिला. मी म्हटलं, परत फिरायचं. अभिमन्यूने विचारलं, का? आणि मी, खोटं बोलायचं नाही असं घरीच शिकलेली मुलगी, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "आत्याचे गुडघे टिकणार नाहीत म्हणून."

कुणी वाद घातला नाही. अलीकडच्या काठावर बसून आम्ही चित्रान्न खाल्लं. आत्याने खाल्लं नाही. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि त्यानंतर एकाही रविवारी आली नाही. जिने मला बाराखडी शिकवली, तिला मी चारचौघांत म्हातारी ठरवलं. हे आज पुन्हा बोलण्याआधी काल मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांग, पण कुठला गुडघा ते सांगू नको." ते मी सांगणार नाही.

म्हणून ढगांची गोष्ट कळल्यावर मी तडक अक्कांच्या घरी गेले. त्या जमिनीवर बसून भांडी खोक्यात भरत होत्या.

"अक्का, तुम्ही खोटं बोललात."

"खोटं कसलं? बेंगळुरात कधी ना कधी ढग येतातच."

"मला हे जमायचं नाही. माझ्या तोंडून तसं निघतच नाही."

"मग नको निघू दे. नदीशी वेळेवर फिरलीस ना?"

"फिरले. पण आत्या..."

"ती रुसली आहे, पडली नाही. रुसलेलं माणूस घरी येतं." मग माझ्या हातात कुकर देत म्हणाल्या, "स्वल्प विचार कर. आणि हा त्या मोठ्या खोक्यात ठेव, झाकण वेगळं."

मी विचार केला. नसलेले ढग मला अजूनही दाखवता येणार नाहीत. पण दुसऱ्याचं नाव न घेता थांबायचं असेल, तर "मी दमले" असं मला म्हणता येईल. माझी छाती बघता ते बहुतेक वेळा खरंच असेल. शेपटीच दमली म्हटल्यावर कोण वाद घालणार? आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बूट घासून ठेव माझे."

मालनअक्का, तुमचे आभार मानायला मी उभी राहिले होते, आणि निम्मा वेळ माझ्याबद्दलच बोलले. तुम्ही आमच्यापैकी किती जणांना नसलेल्या ढगांतून सुखरूप खाली आणलंत, हे आम्हाला कधीच कळणार नाही, कारण तुम्ही ते सांगणार नाही. आपल्या मंडळींना नदी आहे, रान आहे, पायांखाली खडक आहे, हे तुमच्यामुळे माहीत झालं. धारवाडात तुम्हाला चांगली वाट आणि हळू चालणारी माणसं मिळोत.

संताजीअण्णांनी मला वेळ दिला, आपण सगळ्यांनी कॉफी थंड होऊ दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. माझं मराठी घरातलं आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, किंवा नको ते जास्त बोलले असेन, तर मुलगी समजून पोटात घालावं.

आणि अण्णा, माझं "बघते" मी मागे घेते. संक्रांत झाल्यावर येणाऱ्या रविवारी, अठरा जानेवारीला, सकाळी सहा वाजता याच हॉलच्या दारातून आपण तुरहळ्ळीला निघू. शेपटीला मी आहे.